माजलगावच्या तारखेवाल्या मावशी

गाडीत चढल्या की मावशी आधी पदराच्या टोकानं बाकडं झटकायच्या आणि म्हणायच्या, "कोन बसलं व्हतं हितं? काई वळन न्हाई."

आदल्या दिवशी तिथं कोण बसलं होतं, ते मला माहीत असायचं. कधी बसस्टँडवर गंठण तोडणारी, कधी हातभट्टीवाली. मी सांगत नसे. मावशी स्वतः खुनाच्या गुन्ह्यात आत होत्या, आणि त्यांची तक्रार होती ती आधी बसून गेलेलीच्या वळणाबद्दल. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तोंड फिरवून हसले होते.

मी नेकनूरची. बीडला पोलीस मुख्यालयात शिपाई आहे. कैदी पार्टीची ड्यूटी म्हणजे सकाळी जेलमधून कैदी ताब्यात घ्यायचे, कोर्टात न्यायचे आणि संध्याकाळी परत आणून द्यायचे. बाई कैदी असली की सोबत बाई शिपाई लागते, त्यामुळं बायकांची तारीख निघाली की माझं नाव लागायचंच.

तुम्ही जेल बाहेरूनच पाहिलं असेल तर वाटेल, आत सगळे शिक्षा झालेले असतात. तसं नसतं. आमच्याकडचे बहुतेक जण कच्चे. म्हणजे गुन्हा केला की नाही ते अजून ठरायचंय, आणि ते ठरेपर्यंत माणूस आत. शिक्षा लागली की तो पक्का होतो, आणि मोठी शिक्षा असली तर मोठ्या जेलला जातो. त्यात बायका मूठभर, आणि त्यांचे गुन्हेही ठरलेले. चोरीवाली येते, काही महिन्यांनी कबूल करते, कोर्ट म्हणतं भोगली तेवढी शिक्षा पुरे, ती सुटते आणि पुढच्या जत्रेच्या गर्दीत पुन्हा सापडते. नवऱ्याच्या खुनात आलेल्या बहुतेक तरुण असतात. त्यांना भेटायला माहेरचंही कुणी फिरकत नाही. आणि तिसऱ्या म्हणजे सासवा. सून जळाली, सून विहिरीत सापडली, सुनेनं फवारणीचं औषध घेतलं, की सासू, नवरा, कधी नणंदसुद्धा एकाच गुन्ह्यात आत. या सासवा गाडीत चढताना डोक्यावरून नीट पदर घेतात. लग्नाला निघाल्यासारख्या.

मावशी या तिसऱ्यांतल्या.

दिंद्रुडच्या अलीकडं त्यांचं गाव. ओलिताखालची चांगली जमीन, मालक, म्हणजे मावशींचे यजमान, एकेकाळी सरपंच, आणि एकुलता एक मुलगा. सून एका दुपारी मळ्यातल्या विहिरीत सापडली. माहेरच्यांनी फिर्याद दिली की सासूनं आणि नवऱ्यानं मिळून ढकलून दिली. मालक त्या दिवशी परगावी होते म्हणून त्यांचं नाव आलं नाही. मायलेक आत गेले. जामीन दोनदा फेटाळला. आधीच्या तारखा जेलमधल्या टीव्हीवरूनच व्हायच्या. पडद्यावर जजसाहेब दिसले की मावशी हात जोडायच्या, आणि ते निघून गेले तरी जोडलेलेच ठेवायच्या, असं जेलमधल्या बाई सांगायच्या. साक्षी सुरू झाल्या तेव्हा त्यांना प्रत्यक्ष माजलगावच्या कोर्टात न्यायची वेळ आली, आणि माझी त्यांच्याशी ओळख झाली.

जीभ म्हणाल तर धार लावलेली. ड्रायव्हरनं गिअर खरकन टाकला की पाठीमागून आवाज यायचा, "म्हसरं हाकतूस का रं बाबा?" माझ्या अंबाड्याकडं बघून एकदा म्हणाल्या, "येवढ्या पिना कावून खुपसल्यात? डोकं हाय का डबी?" जजसाहेब अंगानं किरकोळ होते. त्यांना पहिल्यांदा जवळून पाहिलं तेव्हा माझ्या कानात म्हणाल्या, "घरी कुनी खायला घालतं का न्हाई ह्यास्नी?"

एकदा कोर्टाच्या व्हरांड्यात आम्ही पुकारा व्हायची वाट बघत होतो. कुठल्याशा पुढाऱ्याबरोबर आलेला, पांढऱ्या कडक कपड्यांतला एक माणूस गुटखा खाऊन कोपऱ्यात थुंकला. मावशी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "ए बाबा, पूस ते." तो माणूस वळला. त्यानं मावशींचं कुंकू बघितलं, नथ बघितली, शेजारी युनिफॉर्ममध्ये उभी असलेली मी बघितली. कुणा साहेबांच्या आई असतील असं वाटलं असावं. त्यानं खिशातला रुमाल काढला आणि भिंत पुसली. मावशींनी मान डोलावली. त्या दिवशी परतताना त्या लई खुशीत होत्या.

मुलगा त्याच गाडीत असायचा, पुढं जाळीपलीकडं, पुरुष कैद्यांबरोबर. कोर्टात मालक डबा घेऊन यायचे. ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी. मावशी आधी मुलाला वाढायच्या, त्याचं पोट भरल्याची खात्री करून घ्यायच्या, मग माझ्याकडं डबा सरकवायच्या. मी नको म्हणायचे. कैद्याच्या डब्यातलं आम्ही खात नाही.

"घे की माय. इख न्हाई घातलं," त्या म्हणाल्या एकदा. म्हणाल्या आणि सरकवलेला डबा मागं ओढला. मग डब्याला झाकण लावून तो मालकांकडं देऊन टाकला.

माजलगावला जाताना तेलगाव लागतं. तिथून दिंद्रुडचा रस्ता फुटतो. तिथं आलं की मावशी बोलायच्या थांबायच्या आणि दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बघत बसायच्या. त्या बाजूला बघण्यासारखं काही नाही, पत्र्याची दुकानं आहेत. अशाच एका दिवशी, मी काहीही विचारलेलं नसताना, त्या म्हणाल्या, "ती लई हळू व्हती. भाकर थापायला बसली की चूल इझून जायची. म्या बोलायचे. न्हाई कशाला म्हनू? बोलायचे. पन हात न्हाई लावला कदी."

मी ऐकून घेतलं. आमच्या नोकरीत कैद्याचं खरंही मानायचं नसतं आणि खोटंही. फक्त पोचवायचं असतं.

मग नातीची साक्ष आली.

आई गेली तेव्हा ती अंगणवाडीत होती. आता दुसरीत. मामाकडं राहायची. त्या दिवशी मामानं तिला नवा फ्रॉक घालून आणलं होतं आणि दोन वेण्या घातल्या होत्या. मावशी आरोपींच्या जागेत मुलाशेजारी उभ्या होत्या. नात आत आली तशा त्या एक पाऊल पुढं झाल्या. मी दंड धरून मागं घेतलं.

जजसाहेबांनी पोरीला खुर्ची दिली. शाळा कुठली, बाई कोण, खोटं बोललं तर काय होतं, असं हळू हळू विचारलं. "पाप लागतं," ती म्हणाली. मग सरकारी वकिलांनी विचारायला सुरुवात केली. तिनं सांगितलं की बाबा आईला मारायचा. आजी आईला वळण न्हाई म्हणायची.

"आणखी काय म्हणायची आजी?"

पोरीनं आजीकडं बघितलं. किती वेळ बघत होती. मग म्हणाली, "म्हनायची, हीर काय लांब न्हाई."

टाइप करणाऱ्या बाईंचे हात थांबले. त्यांना शब्द कळला नव्हता. जजसाहेब खाली बघत म्हणाले, "विहीर काही लांब नाही. असं घ्या." पुन्हा टकटक सुरू झाली. मी मावशींकडं बघितलं. त्यांनी पदराचा बोळा करून तोंडात धरला होता.

मग मावशींचे वकील उठले. ते पोरीवर ओरडले नाहीत. अगदी जवळ जाऊन, घरच्या माणसासारखं बोलले.

"बाळा, कोर्टात काय सांगायचं ते मामा रोज शिकवायचा ना?"

पोरीनं फ्रॉकची कड मुठीत धरली.

"आज येतानाबी सांगितलं ना? सांग, कुणी रागवणार नाही."

तिनं 'हो' अशी मान हलवली.

"म्हणजे ते विहिरीचं मामानं शिकवलं. आजी तसं काही म्हणाली नव्हती. बरोबर?"

पोरीनं मामाकडं बघितलं, मग जजसाहेबांकडं, मग फरशीकडं. आणि फरशीकडं बघतच पुन्हा मान हलवली. वकील खाली बसले.

बाहेर आल्यावर त्यांनी मुलाच्या पाठीवर थाप मारली. "काम झालं." मालकांनी सगळ्यांना चहा सांगितला. आम्हा पोलिसांनाही. मुलगा हसला. त्याला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

परतीच्या वाटेवर मावशी तेलगाव गेलं तरी बोलल्या नाहीत, वडवणी गेली तरी नाहीत. बीड जवळ आलं तेव्हा म्हणाल्या, "तिनं मान हलवली ना?"

"हो."

"म्या घरात खोटं बोललेलं चालू देत न्हवते. येवढीशी व्हती तवापसून. आन आता भर कोर्टात तिलाच खोटी पाडली."

"मावशी, वकील तुमच्यासाठीच बोलले."

"व्हय," त्या म्हणाल्या. "माज्यासाटीच."

पुढच्या तारखेला मालक डबा घेऊन आले, तेव्हा खुशीत होते. मुलाला भाकरी वाढता वाढता म्हणाले, "पोरगी शाळेत कुनाशी बोलत न्हाई म्हनं. मास्तरनं काय इचारलं की खाली बघून मान हालवती नुसती. बरंच झालं. पुन्यांदा बोलीवलं तरी काय सांगनार हाय?"

मुलगा "हं" म्हणाला. मावशींच्या हातात घास होता. तो त्यांनी तसाच डब्यात ठेवला.

साक्षी संपल्या की एक दिवस जजसाहेब आरोपींना स्वतः प्रश्न विचारतात. अमका साक्षीदार असं म्हणतो, तुमचं काय म्हणणं आहे? आरोपीनं उत्तर द्यायचं. वकिलांनी मायलेकांना बजावलं होतं की प्रत्येक प्रश्नाला 'खोटं आहे' एवढंच म्हणायचं, दुसरा शब्द काढायचा नाही. त्या सकाळी गाडीत मावशी पुटपुटत होत्या, "खोटं हाय. खोटं हाय." दिंद्रुडचा रस्ता गेला तरी त्यांचं चालूच होतं.

कोर्टात त्यांनी सुरुवात चांगली केली. तुम्ही सोन्यासाठी सुनेचा छळ केला? खोटं हाय. तुम्ही आणि मुलानं मिळून तिला विहिरीत ढकललं? "खोटं हाय सायेब, खोटं हाय," तेही मोठ्यानं. वकील निवांत बसले होते.

"तुमची नात सांगते, की तुम्ही तिच्या आईला 'विहीर काही लांब नाही' असं म्हणत होता. यावर काय म्हणणं आहे?"

मावशींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. वकिलांनी मान वर केली.

"खरं हाय," मावशी म्हणाल्या.

वकील उठून उभे राहिले. जजसाहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. "बाई, प्रश्न नीट कळला का तुम्हाला?"

"कळला की. म्या म्हनलतं. येकदा न्हाई, लई येळा. त्या दिवशीबी म्हनलतं. पोरीला कुनी शिकवलं न्हाई."

"तुमचा मुलगा सुनेला मारत होता, असंही ती सांगते."

शेजारी मुलगा उभा होता. त्याच्याकडं न बघता मावशी म्हणाल्या, "तेबी खरं हाय." आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, "माज्या नातीला कुनी खोटी म्हनू नगा, सायेब."

त्या वेळी नात तिथं नव्हती. माहेरचंही कुणी नव्हतं. बाकड्यांवर दुसऱ्याच खटल्यांतली माणसं बसली होती, आणि त्यांतला एक पेंगत होता.

व्हरांड्यात मुलानं विचारलं, "कावून बोललीस, माय?" मावशींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला हात उचलला. त्यानं खांदा काढून घेतला. मालक जिन्याजवळ उभे होते. त्यांनी डबा उघडला नाही. तसाच हातात धरून ते पायऱ्या उतरून गेले. त्यानंतर ते मावशींसाठी कधी आले नाहीत.

निकालात खुनाचं कलम टिकलं नाही. ढकलल्याचा पुरावा नव्हता. छळाचं टिकलं, आणि आत्महत्येला भाग पाडल्याचं टिकलं. एका आरोपीचा जबाब दुसऱ्याच्या अंगावर घालता येत नाही म्हणतात. पण पोरगी खरं बोलतेय एवढं जजसाहेबांना पटलं होतं, आणि मग तिचा बापही सुटत नव्हता. दोघांनाही सात वर्षं. आत काढलेली त्यातून वजा.

गाडीत बसल्यावर मावशींनी विचारलं, "सात म्हंजे लई का कमी?"

चोरीला किती, दारूला किती, हे मी इतक्या वर्षांत पाठ झाल्यासारखं सांगू शकते. रोज स्वयंपाकघरात बोललेल्या वाक्याला किती, ते मला आजही सांगता येणार नाही. "मधली वजा होतील," मी म्हणाले.

त्यांना मोठ्या जेलला सोडायला गेलेल्या पार्टीत मी होते. निघण्याआधी सरकारी मदतीतून अपील करून द्यायला एक वकीलबाई आल्या होत्या. फुकट होतं, फक्त अंगठा हवा होता. मावशी म्हणाल्या, "मला न्हाई करायचं." वकीलबाईंनी समजावलं, मीही समजावलं. "न्हाई म्हनले ना," त्या म्हणाल्या, आणि तो विषय तिथंच संपला.

मालकांनी अपील केलं, ते फक्त मुलाचं. त्याला वरच्या कोर्टातून जामीन मिळाला. तो घरी आला आणि वर्षाच्या आत त्याचं दुसरं लग्न झालं. मुलगी धारूरकडची, गरिबाघरची. मांडव मोठा होता म्हणे.

मधे एकदा दिंद्रुडच्या बाजारात बंदोबस्ताला गेले असताना मला नातीचा मामा भेटला. मी ओळख दिली आणि म्हणाले, "पोरीला एवढं सांगा की तिच्या आजीनं कोर्टात कबूल केलं. तू खरं बोललीस म्हणून सांगा."

तो शांतपणे पिशवीत मिरच्या भरत होता. "म्याडम, त्या बाईचं नाव आमच्या घरात निगत न्हाई. आन ती खरं बोलली म्हनून माजी भन येती का म्हागारी?"

"पोरगी बोलते का आता?"

"घरात बोलती थोडं," तो म्हणाला. "पन काय इचारलं की बंद."

तो गेला. त्याचं काही चुकलं असं मला वाटलं नाही.

मावशी सुटल्या ते मला ठाऊक नव्हतं. मी बीडच्या बसस्टँडवर ड्यूटीला होते, आणि बाकड्यावर मला त्या दिसल्या. आधी ओळखल्याच नाहीत. अंग पार गळून गेलं होतं, नथ नव्हती. मांडीवर एक कापडी पिशवी, आणि तिच्यावर दोन्ही हात.

"मावशी!"

त्यांनी वर बघितलं. "सुटले, माय."

"न्यायला कुणी आलं नाही?"

"कुनाला सांगितलंच न्हाई." मग त्यांनी विचारलं, "पोरगी बोलती का?"

मामा जे म्हणाला होता ते मी सांगितलं. सगळं सांगितलं नाही, घरात बोलते एवढं सांगितलं. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि पुढचं विचारलं नाही.

"घरी जाताय ना?" मी म्हणाले. "माजलगावची गाडी लागेल आता."

"घरात नवी आलीया म्हनं. आमच्याकडची येक आलती जेलात, तिनं सांगितलं." त्या पिशवीचे बंद हातानं सारखे करत होत्या. "म्या गेले की माजं तोंड सुरू हुईल. ती कशी का असंना, चांगली असली तरी हुईल. तितं सात वर्सं काडली, पन ते काई गेलं न्हाई. तितल्या बायास्नीबी बोलायचे."

"मग जाणार कुठं?"

"बगते की," त्या म्हणाल्या. "तू जा. तुजी ड्यूटी हाय."

माजलगावची गाडी लागली. माणसं खिडक्यांतून रुमाल टाकून जागा धरत होती. मावशी उठल्या नाहीत. तेवढ्यात पलीकडं जागेवरून दोघांची जुंपली, कंडक्टरनं मला हाक मारली आणि मी तिकडं गेले. भांडण मिटवून परत आले तेव्हा गाडी निघून गेली होती. बाकड्यावर एक बाई बाळाला पाजत बसली होती. तिला विचारलं, तर तिनं आपण आत्ताच आल्याचं सांगितलं. चौकशी खिडकीवर विचारलं, पाण्याच्या बाटल्या विकणाऱ्याला विचारलं. म्हातारी कुठल्या गाडीत चढली, की पायीच गेली, कुणाच्या लक्षात नव्हतं.

मला वाटलं, शेवटी चढल्या असतील. काही महिन्यांनी दिंद्रुडकडच्या ठाण्यातली माझी मैत्रीण भेटली, तिला विचारलं. ती म्हणाली, त्या गावात आल्याच नाहीत. नातेवाइकांकडंही कुठं गेलेल्या नाहीत. सुटल्याचं घरच्यांना कळलंय, पण बेपत्ता झाल्याची तक्रार द्यायला ना मालक आले, ना मुलगा. त्यामुळं आमच्या खात्याच्या दृष्टीनं मावशी हरवलेल्यासुद्धा नाहीत.